बोटीवर न्यायचे पिक्चर

बोट सुटायच्या आदल्या संध्याकाळी
खलाशी येतात माझ्या टपरीवर, हर्णैच्या उताराला,
मेमरी कार्ड पुढ्यात टाकतात,
डिझेलचा वास असलेलं.
"जैबूनताय, भुताचं भर. आठ दिवस पुरेल एवढं."

मी आधी विचारते, किती वावात जाणार?

वीस वावांच्या आत असाल तर नवे न्या.
नवे पिक्चर कानाला घाबरवतात.
दार आपटतं, किंचाळी येते,
आपण उडतो आणि एकमेकांना हसतो.
किनाऱ्याचे दिवे दिसत असले की तेवढं पुरतं.
तो दारावरच्या कॅमेऱ्याचा घ्या:
बाई रोज रात्री मोबाईलवर बघते,
कोण उभं आहे बाहेर. कोणी नसतं.
बाराव्या रात्री तिला दिसते ती स्वतःच,
बेल वाजवताना.
चांगला आहे. शेवट पोलिसांनी खाल्ला.

लिफ्टचा नको.
इंजिनाच्या धडधडीत त्यातलं काही ऐकू येत नाही,
आणि ऐकण्याशिवाय त्यात काही नाही.

चाळीस वावांच्या पुढे जाणार असाल, तर जुने.
काळे-पांढरे, अब्बाच्या कॅसेटींवरून उतरवलेले,
पडद्यावर मुंग्या चाललेल्या.
त्यात कोणी ओरडत नाही.
एक कंदील जिना चढतो, धरणारा हात नाही.
एक खुर्ची, जी मघाशी भिंतीकडे तोंड करून होती.
एवढ्यावर अब्बाने एकोणनव्वदचा अख्खा पावसाळा काढला,
दहा रुपये रात्र.
कॅसेट परत द्यायला माणसं उजेडीच यायची.

मधले, रंगीत आल्यानंतरचे, मला विचाराल तर नकोच.
रबराचे हात, हिरवा धूर,
आणि प्रत्येक मुडद्याआधी एक गाणं.
हशा तांडेल मात्र तेच मागतो.
म्हणतो, त्यातली भुतं कष्टाळू वाटतात.

गेल्या खेपेहून लोकेंद्र परत आला,
नेपाळचा, डोंगरातला,
यंदाच पहिल्यांदा दर्यावर.
म्हणाला, कंदिलाचा अर्धाच बघितला.
कंदील सातव्या पायरीवर होता
तेव्हा हशाने मोबाईल हिसकून घेतला,
बॅटरी लाव म्हणाला, वर धर.
समोरून जहाज येत होतं.
डब्यांवर डबे रचलेलं, सुवर्णदुर्गाएवढं.
जाळं पाण्यात, बोट हलेना.
वायरलेसवर चौघं ओरडले, पलीकडून कोणी बोललं नाही.
वर एका काचेत पिवळा उजेड होता
आणि त्या उजेडात माणूस नव्हता.
टॉर्च, मोबाईल, पेटवलेला बोळा, हाताला लागेल ते हलवलं.
मग ते बाजूनं गेलं.
नुसतं गेलं. भिंत चालत जावी तसं, बराच वेळ.
लाटेनं भाताचा टोप उपडा झाला.
बास, तेवढंच.

मी म्हटलं, उरलेला सांगू का, सातव्या पायरीनंतरचा?
नको म्हणाला.
मग बोटानं काउंटरची काच घासत विचारलं,
ताय, असा एखादा आहे का,
ज्यात ते येतं, येतं, येतं,
आणि बाजूनं निघून जातं?

मी अब्बाची वही काढली. कॉम्प्युटरवरची यादी काढली.
नव्यांत ते आत शिरतं.
जुन्यांत ते आधीपासून आतच असतं.
मधल्यांत मांत्रिक येतो.
बाजूनं जाणारं कुठेच नाही.
निघून गेलेल्यावर कोण पिक्चर काढणार?

खाली बंदरावर लिलावाची बोली चढत होती,
कुणाच्या तरी सुरमईचा भाव पडला म्हणून शिव्या ऐकू येत होत्या.
त्याला एक लग्नाचा विनोदी भरून दिला,
त्यात म्हैस हरवते, सापडते, पुन्हा हरवते.
कंदिलाचा मी पुसायला गेले,
तर म्हणाला, राहू दे.

वीस रुपये झाले.
त्याच्याकडे सुट्टे नव्हते.
म्हटलं, परत येशील तेव्हा दे.